इथं चुली किती?

मैत्रिणींनो,

हा अंक गरिबीवर काढायचा असं मागच्या बैठकीत ठरलं, तेव्हा संपादकीय लिहायला मी एका पायावर तयार झाले. समाजकार्याचं शिक्षण घेताना दोन वर्षं गरिबी 'शिकले' होते, त्यानंतर बारा-तेरा वर्षं वस्त्यांत आणि खेड्यांत काम करते आहे. लिहायला काय लागतं, असं वाटलं. पण कागद पुढं ओढला आणि सगळ्यात आधी आठवली ती माझीच एक चूक. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिणं खरं होणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

२०११ साल. एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला होते. मराठवाड्यातल्या एका गावात आम्हा विद्यार्थ्यांना घरोघर पाहणीला पाठवलं होतं. आठ पानी प्रश्नावली, पाठीला पिशवी, आणि आपण फार महत्त्वाचं काम करतो आहोत असा चेहरा. एका घरी गेले. अंगणात मोटारसायकल उभी, गोठ्यात दोन म्हशी, तीन खोल्यांचं स्लॅबचं घर. 'कुटुंबप्रमुखाचं नाव?' घरातल्या पुरुषानं स्वतःचं नाव सांगितलं. मग बायको, तीन मुलं, आई. शेवटी जरा थांबून म्हणाला, 'आन् एक बहीण हाय, म्हायेरीच असती.' मी सातवी ओळ भरली, नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. घर बरं, वाहन आहे, जनावरं आहेत. माझ्या हिशेबात ते कुटुंब गरीब नव्हतं.

निघताना मागच्या बाजूला पत्र्याची पडवी दिसली. तिथं तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकरी थापत होती. तिनं हात धुतला आणि मला तांब्याभर पाणी आणून दिलं. घरात कामाला येत असेल, असं समजून मी पाणी प्यायले, 'बरं आहे' म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

तीच ती सातव्या ओळीतली बहीण होती. हे मला कळलं तीन वर्षांनी.

शिक्षण संपवून मी त्याच तालुक्यात कामाला लागले. २०१४ मध्ये आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. रेशनचं विचारायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, 'ताई, तुम्ही आलता की आमच्या घरी, कागद घिऊन. म्या पाणी दिलतं तुमाला.' मला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा मान वर करवेना. तिच्या घरी जाऊन, तिच्या हातचं पाणी पिऊन, तिच्या गरिबीबद्दलची आठ पानं भरून मी परत आले होते, आणि तिला एक शब्द विचारला नव्हता.

तिचं नाव इथं देत नाही. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणतो. अठराव्या वर्षी लग्न झालं. चार वर्षांत नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला माहेरी आणून सोडलं. भांडण नाही, कोर्ट नाही, सोडचिठ्ठी नाही. 'चार दिवस ऱ्हा, मग नेतो' असं सांगून गेला तो आलाच नाही. आईवडील होते तोवर ती घरातच जेवायची. वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, भावजयीचा संसार वाढला, आणि कोणीही 'जा' न म्हणता मावशी एक दिवस पडवीत आली. चूल वेगळी झाली. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायचं, सोयाबीन काढायला जायचं, मिळेल त्यात पीठ-मीठ आणायचं. वडिलांच्या पश्चात तिनं भावाला हक्कसोड करून दिला होता. त्या बदल्यात तिला साडीचोळी मिळाली आणि पडवी मिळाली. पडवीचा कुठं कागद नव्हता.

गंमत पाहा. तिनं जमिनीवरचा हक्क सोडला होता, पण भावाच्या कार्डावरचं तिचं नाव कोणी सोडलं नव्हतं. अन्नसुरक्षा कायद्याचं माणशी पाच किलो धान्य तिच्याही नावावर त्या घरात येत होतं. कधी त्यातलं तिला मिळायचं, कधी नाही. मागितलं तर 'आई कोण सांभाळतंय?' असं ऐकावं लागायचं. भाऊ दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. तीन एकर कोरडवाहू, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, मुलांच्या फिया. त्यालाही त्या पाच किलोंची गरज होती. पण ते पाच किलो मावशीचे होते.

आम्ही ठरवलं, मावशीचं वेगळं रेशनकार्ड काढायचं. निराधारांसाठीच्या संजय गांधी योजनेचा अर्जही भरायचा. सोपं वाटलं होतं. उत्पन्नाचा दाखला मागितला तर त्यावर भावाच्या कुटुंबाचं उत्पन्न आलं. निराधार योजनेला वर्षाला एकवीस हजारांची मर्यादा, तिच्यात तो आकडा बसेना. एका कार्यालयातल्या खिडकीवर झालेलं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

'नवरा वारला का?'

'न्हाई.'

'सोडचिठ्ठी झाली का?'

'न्हाई.'

'मग बाई, तुमचं तर काहीच झालेलं नाही.'

तो कारकून उद्धटपणे बोलला नाही. त्याच्यासमोरच्या कागदावर जेवढे रकाने होते तेवढे त्याने विचारले. विधवेला मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेला कोर्टाचा कागद असतो. टाकलेल्या बाईला नवऱ्यानं टाकलं याचा दाखला कोण देणार? ज्यानं टाकलं तो? २०११ च्या जनगणनेत नवऱ्यापासून विभक्त राहणाऱ्या स्त्रियांची संख्या तेवीस लाखांच्या वर नोंदली गेली आहे, घटस्फोटितांच्या दुपटीहून जास्त. आणि ही नोंद झालेल्यांची संख्या. 'माहेरी असते' एवढंच ज्यांच्याबद्दल सांगितलं गेलं, त्या यात कुठं असतील?

मैत्रिणींनो, आता जरा गरिबी मोजण्याच्या रीतीकडे वळू. कारण माझी चूक माझ्या एकटीची नव्हती. ती मला शिकवली गेली होती.

आपल्या देशात गरिबीच्या हिशेबाची जी मोठी चर्चा झाली तिची एक सुरुवात आपल्या पुण्यातच आहे. गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये आपला अभ्यास मांडला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न ज्या खर्चात बसतं, त्या खर्चाच्या खाली कोण आहे, असा त्यांचा प्रश्न होता. त्या काळी हा प्रश्न विचारणं हेच धाडस होतं. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटानं ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक धरले. मग २००९ ची तेंडुलकर समिती आली. २०११ मध्ये शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये हा आकडा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा देशभर संताप झाला. तुम्हालाही आठवत असेल. रेघ कुठं ओढायची यावर आपण खूप भांडलो, भांडायलाच हवं होतं. पण रेघेच्या खाली किंवा वर काय ठेवायचं यावर फारसं कोणी भांडलं नाही. तिथं नेहमी 'कुटुंब' ठेवलं गेलं. घराचा एकूण खर्च काढायचा आणि डोक्यांनी भागायचं. जणू घरात प्रत्येकाच्या ताटात भागाकार करूनच वाढलं जातं!

शेवटी कोण जेवतं, भाजी संपली तर कोण चटणीवर भागवतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आकडाच हवा असेल तर तोही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. रक्तक्षयाला पाळी आणि बाळंतपणं ही कारणं आहेतच, पण ताट हेही कारण आहे. छप्पर एक, कार्ड एक, मग एवढा फरक कसा? गरिबीची एक रेघ त्या घराच्या आतूनही गेलेली आहे.

अलीकडे पैशांशिवाय इतर गोष्टीही मोजल्या जातात, हे चांगलं झालं. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात पोषण, शाळा, इंधन, संडास, पाणी अशा बारा गोष्टी आहेत. त्यांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०१५-१६ मध्ये देशातले २४.८५ टक्के लोक असे गरीब होते, ते २०१९-२१ पर्यंत १४.९६ टक्क्यांवर आले. घरात गॅस आला, वीज आली, संडास आला, हे आपणही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण बारकाईनं वाचलं की काय दिसतं? दहा वर्षांवरच्या एकाही माणसानं सहा वर्षांचं शिक्षण पूर्ण केलेलं नसेल, तरच ते घर शिक्षणात वंचित धरायचं. म्हणजे भाचा सातवी शिकला की अंगठेबहाद्दर मावशीही शिक्षणात वंचित राहिली नाही. घरात कोणाचंच बँकेत किंवा पोस्टात खातं नसेल तरच ते घर खात्याबाबत वंचित. म्हणजे भावाचं पासबुक तेच मावशीचं पासबुक. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेत तर दुचाकी वाहन असलेलं घर आपोआप यादीबाहेर जात होतं. मोटारसायकल भावाची. त्या मोटारसायकलवर मावशी आयुष्यात एकदाच बसली, आईला दवाखान्यात नेताना, तिला मागून धरायला.

खरं तर नियमाप्रमाणे मावशी वेगळंच कुटुंब होती. जनगणनेत एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, अशी व्याख्या आहे. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. तिथं 'घरातल्या एकट्या बाईचं काय?' हा प्रश्न आधीच सुटलेला आहे. पण त्यासाठी घराशी गेलेल्या माणसानं 'इथं चुली किती?' असं विचारायला हवं. मी विचारलं होतं, 'कुटुंबप्रमुख कोण?' या एका प्रश्नाच्या फरकानं एक बाई गरिबांच्या हिशेबातून गेली.

'सामाजिक वगळणूक' हा शब्द आम्हाला वर्गात शिकवला गेला तो फ्रान्समधून आलेला. १९७४ मध्ये रने लेन्वार नावाच्या तिथल्या अधिकाऱ्यानं 'वगळलेल्या माणसां'बद्दल पुस्तक लिहिलं, तिथून तो जगभर गेला. पण वगळणं म्हणजे काय हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नव्हती. गावकुसाबाहेरचा वाडा, वेगळा पाणवठा, देवळाच्या पायरीपाशी थांबणारे पाय, हे सगळं इथलंच. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं, आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याच्या नावातच 'बहिष्कृत' हा शब्द होता. आंबेडकरी चळवळीनं आपल्याला हे शिकवलं की माणूस नुसता पैसे नाहीत म्हणून गरीब राहत नाही. त्याला जिथं जिथं बोलावलं जात नाही, जिथं त्याला उभं राहू दिलं जात नाही, त्या सगळ्या जागा मिळून त्याला गरीब ठेवतात. पाणवठा बंद, म्हणून पाण्याला वेळ जास्त. वेळ जास्त, म्हणून मजुरी बुडाली. मजुरी बुडाली, म्हणून सावकार. साखळी अशी असते.

मावशीची साखळी वेगळी, पण साखळीच. ती सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला जावी तर बायका कुजबुजतात, विधवा म्हणून बाजूला बसावी तर गळ्यात मंगळसूत्र आहे. मंगळसूत्र का काढत नाहीस, असं मी एकदा विचारलं. नवशिकी होते. ती म्हणाली, 'ताई, एकटी रानात जाते म्या. ह्ये गळ्यात हाय म्हणून लोकं दहा पावलं लांब ऱ्हात्यात.' बारशाला, लग्नाला तिला कामाला बोलावतात, पंगतीला बोलावत नाहीत. ग्रामसभेत भाऊ जातो, म्हणून ती जात नाही. ग्रामसभेत नाही, म्हणून घरकुलाच्या यादीत नाही. आणि मावशी मराठा घरातली आहे. पारधी वस्तीवरची टाकलेली बाई आली की आम्हालाच घाम फुटतो. तिला गावात घर नाही म्हणून रहिवासाचा दाखला नाही, शाळेत घातलं नाही म्हणून जन्माचा पुरावा नाही, आणि जातीचा दाखला काढायला गेलं तर वडिलांचे कागद नाहीत. 'एकटी बाई' हा एकच गठ्ठा नाही, हे मला फार हळूहळू कळलं.

यावर उपाय झालेच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. झाले, आणि त्यातले बरेच चळवळींनी करायला लावले. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली आणि 'टाकलेली' हा शब्द ज्यांना शिवीसारखा लावला जायचा त्या बायका व्यासपीठावर चढून आपल्याबद्दल बोलल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये महाराष्ट्रानं कायदा मंजूर केला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं.

पण एक तुलना तुमच्यासमोर ठेवते. १९७२ च्या दुष्काळातून आपल्याकडे रोजगार हमी आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कायद्यानं ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला काम मागण्याचा हक्क दिला. माणसाला, घराला नव्हे. नवऱ्यानं टाकलेल्या कितीतरी बायकांची चूल त्या खडी फोडण्यावर पेटली. २००५ मध्ये तीच कल्पना देशभर गेली, मोठीच गोष्ट झाली. पण जाताना वर्षाला शंभर दिवस ठरले ते कुटुंबाला. घरात चार कामकरी हात असले तर शंभर दिवस त्या चौघांत. मग ते दिवस कोणी वापरायचे हे कोण ठरवणार, ते सांगायला नको. 'प्रौढ व्यक्ती' जाऊन 'कुटुंब' आलं. एवढ्या एका शब्दानं एकटीचा हक्क घराच्या मर्जीवर गेला.

लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा तिच्या नियमात परित्यक्ता हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. आम्हाला खरंच आनंद झाला. दरमहा दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यावर! मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं खातं उघडलं. आणि २०२५ मध्ये ई-केवायसी आलं तेव्हा पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्या. मावशीचे वडील आधार यायच्या आधीच गेलेले, नवरा जिवंत आहे पण त्याचा नंबर कोण मागणार? ओरड झाली, मुदत वाढली, पती-वडील नसलेल्यांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश देण्याची सोय झाली. टाकलेल्या बाईकडे नवऱ्याबद्दलचं यातलं काय असतं? पस्तीस वर्षांपूर्वी ज्यानं सोडलं, त्याच्या अंगठ्याशिवाय बाई आजही पुरी होत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. सरकारकडे बोट दाखवणं आपल्याला चांगलं जमतं.

मावशीला आम्ही आमच्या बचत गटात घ्यायचं ठरवलं. महिन्याला शंभर रुपये बचत. बैठकीत एकीनं विचारलं, 'हप्ता चुकला तर कोण भरणार?' दुसरी म्हणाली, 'तिच्यामागं पुरुष माणूस नाही, बँक काय म्हणेल?' ही वाक्यं कोणा सरपंचाची किंवा सावकाराची नाहीत, आपल्या मैत्रिणींची आहेत, ज्या आठ मार्चला माझ्यासोबत घोषणा देतात. आणि मी? मी गप्प बसले. कारण गटाची परतफेड शंभर टक्के आहे असं मला अहवालात लिहायचं होतं. सर्वांत गरीब बाईला बाहेर ठेवूनच तो शंभर टक्क्यांचा आकडा टिकत होता. मावशीला गटात यायला आणखी दीड वर्ष लागलं. तिच्यासाठी आठवड्याला दहा-वीस रुपये भरण्याची मुभा ठेवली, तेव्हा आणखी चार बायका पुढं आल्या ज्या गावात आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. बैठकीची वेळ दुपारची होती, ती रात्री केली, तेव्हा मजुरीवाल्या आल्या. आमच्या गटाचं दार आम्हाला कायम उघडंच वाटत होतं.

आणि त्या वेगळ्या कार्डाचं काय झालं, ते राहिलं.

कागद जमले तेव्हा मावशीच मागं सरली. 'ताई, कार्ड वायलं केलं तर भाऊ म्हनंल हिला वाटणी पायजे. कार्ड मिळंल, पन पडवी गेली तर?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीच्या वारसाहक्काचा २००५ चा कायदा मला पाठ होता, पण हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा होता. आणि खटला चालेल तोवर ती कुठं राहणार होती? कार्यकर्तीला घाई असते. ज्या बाईला रात्री त्याच अंगणात झोपायचं असतं, तिला घाई करून चालत नाही. ती म्हणाली, भाचीचं लगीन होऊ दे. आम्ही थांबलो. आठ महिने.

लग्न झालं. मग गटातल्या आम्ही सातजणी एका संध्याकाळी त्या अंगणात जाऊन बसलो. भांडायला नाही, बोलायला. भाऊ आधी उठून गेला, मग परत आला. वाटणीचा विषय नाही, रेशनचा आहे, आणि पडवी तिची राहील, असं पाचजणांसमोर त्याच्या तोंडून वदवून घेतलं. नाव कमी केल्याचा दाखला त्यानं सही करून दिला. पुढं वर्षभर तो बहिणीशी बोलला नाही. कार्ड २०१६ मध्ये हातात आलं. त्यावर धान्य मात्र नाही, कारण तालुक्याचा इष्टांक भरलेला. महाराष्ट्रात अन्नसुरक्षेखाली सुमारे सात कोटी लोकांना धान्य द्यायचं ही मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरली. त्यात कोणी कमी झाल्याशिवाय दुसरी घालता येत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. मधल्या काळात भावाच्या कार्डावरचे पाच किलोही गेले. ते महिने मावशीनं कसे काढले हे मी तिला आजही विचारू शकत नाही. पुढच्या वर्षी नाव लागलं. निराधारचा अर्ज अजून मंजूर नाही. मावशी हसून म्हणते, 'आता पासष्टी झाली की श्रावणबाळ. तवा नवरा इचारत न्हाईत म्हनं.' तिला अजून सात-आठ वर्षं आहेत.

हे काही यशोगाथा म्हणून सांगत नाही. एका बाईचं नाव एका कार्डावर यायला एवढं लागलं, एवढंच सांगते आहे.

पण एक वेळ आता समोर आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ ची जाहीर झाली आहे, त्यात आधी घरयादी आणि मग माणसांची मोजणी. पुढची कित्येक वर्षं धान्याचे, घरकुलांचे, निधीचे आकडे या मोजणीवर बसतील. प्रगणक म्हणून येणारी बरीच माणसं आपल्याच गावातल्या शाळांतली असतील. आपण प्रत्येकीनं आपापल्या गावात, वस्तीत तीन कामं करायची, असा प्रस्ताव मी ठेवते.

पहिलं, पडवीत, माळवदावर, गोठ्याशेजारी, वस्तीतल्या पोटमाळ्यावर वेगळी चूल मांडून राहणाऱ्या बायकांची आपल्यापुरती यादी करायची. विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या, बिनलग्नाच्या, कोणीही. त्यांना विचारून, त्यांना धोका होणार नाही हे पाहून.

दुसरं, मोजणी करणाऱ्या गुरुजी-बाईंना आधीच भेटून सांगायचं की प्रत्येक दारात 'इथं चुली किती?' हे विचारा, आणि उत्तर शक्यतो बाईकडून घ्या. नियमातच आहे, नवीन काही मागायचं नाही.

तिसरं, ग्रामसभेत ठराव मागायचा. एकट्या बाईला नवऱ्याच्या कागदाऐवजी ग्रामसभेची साक्ष पुरावी. ती कुठं राहते आणि कशी राहते हे अख्ख्या गावाला माहीत असतं. तेच गावानं कागदावर लिहून द्यावं. सरकारदरबारी ते चालावं म्हणून मग आपण सगळ्यांनी मिळून भांडू.

आणि हे करताना आपापल्या गटाच्या वहीतली नावंही एकदा पाहून घ्या. गावातली कोण त्यात नाही? का नाही? तिला कोणी विचारलं होतं का?

काय दिसलं ते कळवा. पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू. मी मात्र आता कुठल्याही घरी गेले आणि कोणी पाणी आणून दिलं, की आधी तिला शेजारी बसवते आणि तिचं नाव विचारते.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीनं